यवतमाळच्या दक्षिण आकाशातून आलेली ‘स्टार ट्रेक’

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि तीन पर्वांत ७९ भाग होऊन ३ जून १९६९ रोजी, म्हणजे मानवाने चंद्रावर पाऊल ठेवण्याच्या अवघा दीड महिना आधी, बंद पडली. आपल्या देशात दूरदर्शनने ती ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दाखविली. परंतु त्या काळी यवतमाळ जिल्ह्यात दूरचित्रवाणी संच ही मोजक्या घरांची मिरासदारी असल्यामुळे माझ्या पिढीतील पुष्कळांनी तिची वर्णनेच ऐकली, ती प्रत्यक्ष पाहिली नाही. ती उणीव मी यंदाच्या पावसाळ्यात भरून काढली. पुठ्ठ्याचे खडक, रंगीत दिव्यांची लुकलुकणारी यंत्रे आणि आज भाबडा वाटणारा देखावा या साऱ्यांच्या पलीकडे जाऊन या मालिकेविषयी मनात जो आदर उत्पन्न झाला, त्याची कैफियत वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विज्ञानकथेत विज्ञान चोख असले पाहिजे, हा संस्कार मराठी वाचकावर डॉ. जयंत नारळीकर यांनी केला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने पाठविलेली त्यांची ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली, तेव्हापासून आपण या वाङ्मयप्रकाराकडे त्याच कसोटीने पाहत आलो आहोत. या कसोटीला ‘स्टार ट्रेक’ अनेक ठिकाणी उतरत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तिच्यातील ‘एंटरप्राइझ’ हे यान प्रकाशाहून कैक पट वेगाने ताऱ्याताऱ्यांमधून हिंडते. वास्तवात सूर्यानंतरचा आपला निकटतम तारा, प्रॉक्सिमा, ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. आणि मानवाने पाठविलेल्या यानांपैकी सर्वांत दूर पोहोचलेले ‘व्हॉयेजर-१’ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने धावत असूनही, त्या वेगाने हे अंतर तोडावयास सुमारे ७५ हजार वर्षे लागतील. १९९४ साली मिगेल अल्कुबिएरे या मेक्सिकन भौतिकशास्त्रज्ञाने, यानापुढील अवकाश आकुंचित करून आणि मागील अवकाश प्रसृत करून असा प्रवास सापेक्षतेच्या समीकरणांत बसविता येतो, असे दाखविले खरे; पण त्यासाठी लागणारी ऋण ऊर्जा कोणाच्याही पदरी नाही.

माणसे क्षणार्धात यानातून अदृश्य होऊन ग्रहावर प्रकटतात, त्या ‘ट्रान्सपोर्टर’ची जन्मकथा तर पैशाच्या तंगीची आहे. दर आठवड्याला प्रचंड यान नव्या ग्रहावर उतरल्याचे दाखविणे परवडण्याजोगे नव्हते, म्हणून निर्माते जीन रॉडनबेरी यांनी ही तजवीज केली. मानवी देहात सातावर सत्तावीस शून्ये इतके अणू असतात; त्या प्रत्येकाची नोंद घेऊन तो दुसरीकडे उभा करणे हे काम कल्पनेतच शोभते. १९९३ साली मांडलेल्या आणि १९९७ साली प्रयोगाने सिद्ध झालेल्या क्वांटम दूरप्रेषणात स्थानांतर होते ते कणाच्या अवस्थेचे, कणाचे नव्हे.

तथापि चुकीच्या विज्ञानातूनही खरी जिज्ञासा कशी उगवते, याचे उदाहरण म्हणजे स्पॉक या पात्राची जन्मभूमी. मालिकेत त्याचा ग्रह व्हल्कन. तो कोणत्या ताऱ्याभोवती फिरतो, याचा निर्णय मूळ भागांत नाही. १९९१ साली रॉडनबेरी आणि हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातील तीन खगोलशास्त्रज्ञ यांनी एका खगोलविषयक मासिकात पत्र लिहून ४० एरिडानी या ताऱ्याची बाजू मांडली. त्यांची युक्ती विचार करण्याजोगी होती: दुसरा उमेदवार तारा वयाने कोवळा, आणि बुद्धिमान जीव उत्क्रांत होण्यास जो प्रदीर्घ काळ लागतो तो ४० एरिडानीला मिळालेला आहे. सुमारे १६ प्रकाशवर्षांवरील हा तारा आपल्या यमुना तारकासमूहात असून डोळ्यांनी दिसतो. हिवाळ्यात टिपेश्वरच्या परिसरासारख्या अंधाऱ्या ठिकाणी मृग नक्षत्र डोक्यावर आले की त्यातील तेजस्वी राजन्य शोधावा आणि हात लांब करून तेथून पश्चिमेकडे दीड मुठीचे अंतर मोजावे; तेथे हा मंद तारा सापडेल. त्याभोवती ग्रह असल्याची घोषणा २०१८ साली झाली. पुढे अधिक सूक्ष्म निरीक्षणांती तो संकेत ग्रहाचा नसून ताऱ्याच्याच पृष्ठभागावरील घडामोडींचा, असे आढळले. शास्त्रज्ञांनी आपल्या आवडत्या कल्पनेवरही पुराव्याचा अंमल चालू दिला, ही गोष्ट मला व्हल्कन सापडण्याइतकीच मोलाची वाटते.

परंतु या मालिकेचे खरे भाकीत वेगाचे नव्हतेच. ते माणसांचे होते. शीतयुद्ध ऐन भरात असताना आणि अमेरिकेतच वर्णभेदाचा प्रश्न पेटलेला असताना रॉडनबेरी यांनी यानाच्या सुकाणूपाशी जपानी वंशाचा सुलू, त्याच्या शेजारी रशियन चेकॉव्ह आणि संदेशवहनाच्या अधिकारपदावर कृष्णवर्णीय स्त्री, उहुरा, यांना बसविले, आणि त्याचा डांगोरा पिटला नाही. जणू असेच असावयाचे. उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स पहिल्या पर्वानंतर रंगभूमीकडे परतण्याच्या विचारात होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी भेटून ‘ही जागा सोडू नका’ अशी गळ घातल्यामुळे आपण थांबलो, ही हकीकत त्यांनी पुढे अनेकदा सांगितली. पुढे १९७७ साली नासाने अंतराळवीरांची भरती काढली, तेव्हा स्त्रियांनी आणि अल्पसंख्य समाजांतील तरुणांनी अर्ज करावेत म्हणून निकोल्स यांनी देशभर फिरून आवाहन केले. १९७८ साली निवडलेल्या ३५ जणांत सॅली राइड होत्या, रोनाल्ड मॅकनेअर होते आणि गायन ब्लुफर्ड होते. प्रत्येकाच्या अर्जामागे निकोल्स यांचेच शब्द होते, असे मी म्हणणार नाही. दार उघडले गेले आणि ते उघडणाऱ्या हातांत एक हात त्यांचा होता, एवढे निश्चित.

आता या हकीकतीचा आपल्या मुलखाशी असलेला संबंध सांगतो, कारण तो मला कळला तेव्हा मी थक्क झालो. ३० ऑगस्ट १९८३ रोजी ‘चॅलेंजर’ या अंतराळयानाने रात्रीच्या अंधारात उड्डाण केले. त्यातील पाच जणांपैकी एक होते ब्लुफर्ड, अंतराळात गेलेले पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. आणि यानाच्या पोटात होता भारताचा ‘इन्सॅट-१बी’ उपग्रह. आदल्या वर्षी सोडलेला ‘इन्सॅट-१ए’ काही महिन्यांतच निकामी झालेला असल्यामुळे साऱ्या देशाची भिस्त याच्यावर होती. दुसऱ्या दिवशी तो यानातून मोकळा केला गेला. त्याचा सौरपंख उघडेना, तेव्हा जमिनीवरील अभियंत्यांनी कित्येक दिवस खटपट करून तो उघडला, आणि ऑक्टोबरात उपग्रह सेवेत रुजू झाला. दिल्लीहून निघालेला कार्यक्रम वर जाऊन देशभरच्या प्रक्षेपण केंद्रांवर उतरू लागला तो याच्याच जोरावर, आणि या कार्यक्रमांतच ‘स्टार ट्रेक’ होती. उहुरा ज्या वाटेने आपल्याकडे आली, ती वाट आकाशात बांधणाऱ्यांमध्ये त्याच भरतीतील माणूस होता.

भूस्थिर उपग्रहांकरवी संदेशवहनाची योजना तपशीलवार मांडली तीही पुढे विज्ञानकथाकार म्हणून नावारूपास आलेल्या आर्थर क्लार्क यांनी, १९४५ साली. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरील वस्तूला पृथ्वीभोवती फिरण्यास नेमका पृथ्वीच्या एका परिवलनाइतका वेळ लागतो, म्हणून ती एका जागी खिळल्यासारखी राहते. ‘इन्सॅट-१बी’ची जागा ७४ अंश पूर्व रेखांशावर होती. यवतमाळ शहर सुमारे २०.४ अंश उत्तर आणि ७८.१ अंश पूर्व येथे आहे. त्यावरून हिशेब केला तर तो उपग्रह आपल्या दक्षिणेस, किंचित पश्चिमेकडे, क्षितिजापासून सुमारे ६५ अंशांवर येतो. तारांगणात कोणी त्याला पाहिले नसेल, पण वणी-पुसदच्या आकाशात तो वर्षानुवर्षे अढळ होता.

जिल्ह्यातील विज्ञान शिक्षकांना माझी विनंती आहे की त्यांनी हा हिशेब मुलांकडून करवून घ्यावा. आज गावोगावच्या घरांवर दिसणाऱ्या डीडी फ्री डिशच्या छत्र्यांचा रोख ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील ‘जीसॅट-१५’कडे आहे, म्हणून यवतमाळातून त्या आग्नेयेकडे वळलेल्या दिसतात आणि त्यांचा उपग्रह क्षितिजावर सुमारे ६० अंशांवर भरतो. छत्री मात्र त्याहून उभी भासते, कारण तिचा ग्राहक भाग मध्यभागी नसून खालच्या बाजूस असतो. हे कोडे मुलांना आधी सोडवू द्यावे. मग त्याच छत्रीतून, शक्य असेल तेथे, ‘स्टार ट्रेक’चा एखादा भाग वर्गाला दाखवावा, उहुरा कोण ते सांगावे, आणि मराठीतून चर्चा घडवावी. उपग्रहाच्या या हिशेबाला लागणारे साहित्य एक कोनमापक, एक दोरी आणि शाळेतला नकाशा इतकेच आहे.