जागा शिल्लक नाही!

दिवाळीच्या आधी घर आवरायचे हा आमच्याकडचा शिरस्ता. माळ्यावरची पितळी भांडी खाली येतात, चिंचेने घासली जातात, आणि रद्दीवाल्याचा काटा ओट्यावर लटकतो. २०२५ च्या दिवाळीत मात्र आमच्या कारेगावच्या घरात आणखी एक वस्तू आवरायला निघाली आणि तिने साऱ्या भांड्याकुंड्यांपेक्षा जास्त घाम फोडला. ती वस्तू म्हणजे माझा लॅपटॉप.

निमित्त असे झाले. विंडोज १० या संगणकप्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या दिवशी कोणाचा संगणक बंद पडला नाही. पण पावसाआधी घर शाकारले नाही तर पहिल्या सरीला जे होते, तेच पुढेमागे अशा यंत्राचे व्हायचे. सुरक्षिततेची ठिगळे मिळणे थांबले की चोराला फट सापडते. माझी बँकेची कामे याच यंत्रावर, म्हणून काळजी.

माझा पुतण्या रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. वसुबारसेच्या संध्याकाळी शिफ्ट संपवून तो आला आणि म्हणाला, ''काका, अकरा नंबरची विंडोज टाकून घेऊ. तुमचं मशीन चालतंय, मी तपासलंय.'' तपासावे लागते, हे मला तेव्हा कळले. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबीची साठवण, ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर आणि सुरक्षिततेची टीपीएम २.० ही सोय लागते. या परीक्षेत आम्ही पास झालो. चहा येईपर्यंत पडद्यावर पाटी झळकली : जागा अपुरी आहे.

१२८ जीबीचा लॅपटॉप, आणि शिल्लक अवघी तीन जीबी! त्यातही संगणक एकूण जागा ११९ च दाखवत होता. मला वाटले, दुकानदाराने मापात मारले. पुतण्याने हिशेब समजावला. कारखाना एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट मोजतो. विंडोज मोजते १०२४ चा तीन वेळा गुणाकार करून, म्हणजे सुमारे १०७ कोटी. शेर आणि किलो यांच्यातला घोळ म्हणा ना!

तसे पाहिले तर आपण श्रीमंतच. १९५६ साली आयबीएमने चुंबकीय तबकड्यांचे पहिले साठवणयंत्र विकायला काढले. कपाटाएवढ्या त्या धुडात ५० तबकड्या होत्या आणि साऱ्या मिळून अक्षरे मावत ५० लाख. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही तेवढी जागा खातो. जागा वाढली, तसा आपला साठवण्याचा हव्यासही वाढला.

मी २५ जीबी मोकळे करायचे ठरवले. पुतण्याने 'सेटिंग्ज'मध्ये 'स्टोरेज' उघडले. कोणत्या खोलीत किती सामान आहे, याची तिथे यादीच मिळते. 'टेंपररी फाइल्स' म्हणजे यंत्राने स्वतःच्या कामासाठी काढलेली आणि नंतर विसरलेली टिपणे. ती आणि कचरापेटी मिळून दहा जीबी निघाले. पुसलेली फाइल कचरापेटीत जाते, पण पेटी रिकामी केल्याशिवाय जागा सुटत नाही. केर दाराआड लोटून ठेवल्यासारखेच ते.

आणि इथेच माझ्या काळजाचा ठोका चुकला.

त्या यादीत शेवटाकडे 'डाउनलोड्स' असाही एक चौकोन असतो. एरवी तो रिकामा असतो. दिवसभराचा थकलेला पुतण्या भराभर सगळ्याच चौकोनांत खुणा करत सुटला होता. त्याचे बोट बटणावर जाणार, तेवढ्यात मी विचारले, ''बाळा, डाउनलोड्स म्हणजे मोबाइलवरून इकडे उतरवून घेतलेलं ना?'' तो म्हणाला, ''हो काका, सगळा कचराच असतो त्यात.'' मी त्याचा हात धरला.

त्या कचऱ्यात माझी आई होती.

आई जाऊन पाच वर्षे झाली. त्याआधीच्या एका उन्हाळ्यात माझ्या भाचीने आजीला जुन्या जात्यापाशी बसवून तिच्या ओव्या मोबाइलवर टिपल्या आणि मला व्हॉट्सॲपवर पाठवल्या. मी त्या लॅपटॉपवर उतरवल्या आणि तिथेच राहू दिल्या. पुढे भाचीचा मोबाइल हरवला, माझाही बदलला. आईचा आवाज आता जगात एकाच जागी उरला होता. तिथून असा पुसलेला मजकूर कचरापेटीतही सापडेलच असे नाही.

पुतण्याचा चेहरा उतरला. चूक त्याची नव्हती. तिजोरीतला डाग मीच उकिरड्याशेजारी ठेवला होता.

मग आम्ही घाई सोडली आणि एकच प्रश्न विचारत बसलो : ही वस्तू पुन्हा मिळेल का? डिजिटल सहीचा सातबारा सरकारी संकेतस्थळावरून केव्हाही काढता येतो. तो गेला तरी चालेल. प्रोग्रॅम बसवण्याच्या फाइली पुन्हा मिळतात; दोन जीबी सुटले. शुभ सकाळची फुले आणि लग्नांतले व्हिडिओ, तेही एकेक तीनतीनदा! त्यातून सतरा निघाले. पण आजोबांच्या हातच्या वाटणीपत्राचे स्कॅन आणि आईच्या ओव्या पुन्हा कुठे मिळणार? त्यांची आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक प्रत केली, ती उघडून वाचली, ऐकली, आणि मगच पुढे गेलो. प्रत झाली असे समजणे वेगळे आणि ती उघडते हे पाहणे वेगळे. ज्यांचे फोल्डर इंटरनेटवरच्या साठवणीशी जोडलेले आहेत, त्यांनी आणखी सावध राहावे. तिथे इकडचे पुसले की तिकडचेही जाऊ शकते.

मला रियासतकार सरदेसायांची आठवण झाली. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागदांचे रुमाल उपसून त्यांनी निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात सिद्ध केले. निवडले ते छापले, पण उरलेले रुमाल कोणी बंबात घातले नाहीत. दफ्तर आजही पुण्यात आहे. आईसारख्या हजारो बायांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या. लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह झाला. कोणीतरी वेळेवर 'हे टाकाऊ नाही' म्हटले, म्हणून ते राहिले. घरच्या दफ्तराचे राखणदार मात्र आपणच.

रात्री अकराला मोकळी जागा ३२ जीबी झाली. नवी प्रणाली बसता बसता पहाट उजाडली. अशा वेळी जुनी प्रणाली 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये दहा दिवस राखली जाते; नवे पटले नाही तर मागे फिरता येते. म्हणून तो फोल्डर लगेच उडवू नये. आम्हीही उडवला नाही. दहा दिवसांनी ती जागा आपोआप सुटली.

भाऊबीजेला बहीण आली. ओवाळून झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. 'आईच्या ओव्या' असे नाव दिलेला फोल्डर आता तिथे आहे, तशीच प्रत हार्ड डिस्कवर आहे, आणि तिसरी मी पेन ड्राइव्हमध्ये घालून तिच्या ओवाळणीच्या ताटात ठेवली होती. जात्याची घरघर सुरू झाली, त्यावर आईचा आवाज उमटला. पहिल्याच ओवीत माझ्या बहिणीचे नाव होते. ते मला आठवत नव्हते.

पुतण्या दारात उभा राहून ऐकत होता. त्या दिवशी तो शिफ्टला अर्धा तास उशिरा गेला.