उरलेल्या तुकड्यांचे मोल : कॅथॉलिक घरातील कृतज्ञता आणि काटकसर

काटकसर हा सामान्यतः जमाखर्चाचा आणि कृतज्ञता हा मनोवृत्तीचा विषय मानला जातो. कॅथॉलिक परंपरेत मात्र या दोन्ही गोष्टी एकाच मुळावर वाढल्या आहेत. योहानच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू एका मुलाजवळच्या जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासे हाती घेऊन प्रथम देवाचे आभार मानतो, मग सुमारे पाच हजारांचा समुदाय पोटभर जेवतो, आणि त्यानंतर काही वाया जाऊ नये म्हणून तो शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करण्यास सांगतो; त्या तुकड्यांनी बारा टोपल्या भरतात. ज्याच्या हातून पाच भाकरींत हजारो जेवतात, त्याला उद्याच्या टंचाईची धास्ती असण्याचे कारण नव्हते. तरीही तुकडे वेचले जातात, कारण जे मिळाले ते दान आहे आणि दान टाकून द्यायचे नसते. आधी आभार, मग वाटप आणि शेवटी वेचणी, हा या प्रसंगातील क्रम महत्त्वाचा आहे. आभाराची पायरी गाळली तर मागे उरते ती नुसती साठवण.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी इटलीत मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या 31व्या प्रकरणात कोठाराची व्यवस्था पाहणाऱ्या मठवासीयाने मठातील सगळी भांडी आणि सगळी मालमत्ता वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावी, असा दंडक आहे. स्वयंपाकघरातले पातेले आणि मिस्साबलिदानात, म्हणजे कॅथॉलिकांच्या मुख्य उपासनेत, वापरला जाणारा चषक यांना सारख्याच जपणुकीने हाताळावे, ही कल्पना मठापुरती मर्यादित राहण्याचे कारण नाही. तेराव्या शतकातील तत्त्वज्ञ संत थॉमस अक्विनास यांनी ‘सुम्मा थिओलॉजिका’ या ग्रंथात कृतज्ञतेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : झालेला उपकार ओळखणे, शब्दांनी आभार मानणे, आणि योग्य वेळी आपल्या ऐपतीप्रमाणे त्याची परतफेड करणे. त्याच ग्रंथात त्यांनी चिक्कूपणा आणि उधळपट्टी या दोहोंनाही औदार्याच्या विरुद्ध जाणारे दुर्गुण ठरवले असले, तरी चिक्कूपणाचा दोष अधिक मोठा मानला आहे. उधळ्या माणसाच्या पैशाचा निदान इतरांना तरी लाभ होतो, चिक्कू माणसाच्या पैशाचा कोणालाच, अगदी त्याला स्वतःलाही, होत नाही. काटकसरीचे कौतुक करताना हा इशारा सहसा विसरला जातो आणि पै-पै राखणारा माणूस आपोआप सद्गुणी समजला जातो.

कोकण किनाऱ्यावरच्या कॅथॉलिक घरांत हा विचार ग्रंथांतून कमी आणि ऋतुचक्रातून अधिक आला आहे. मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताच्या (सणाच्या) वेळी, म्हणजे पावसाच्या तोंडावर, जी जत्रा भरते तिला पुरुमेंताचे फेस्त म्हणतात. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. सुकी मासळी, मिरच्या, चिंच, कोकम, कांदे असा चार महिन्यांचा साठा या जत्रेत घेण्याची जुनी रीत आहे, आणि चर्चचा सण व घरची बेगमी एकाच दिवशी साधली जाते, यात तिथल्या लोकांना काहीच विसंगत वाटत नाही. मुंबई, ठाणे आणि वसई परिसरातील ईस्ट इंडियन समाज, म्हणजे या भागातील मूळचा कॅथॉलिक समाज, आपला प्रसिद्ध बॉटल मसाला उन्हाळ्यात कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतो आणि तो वर्षभर पुरवतो. वसईच्या वाड्यांतील राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेली सुकेळी हीदेखील मुबलक आलेले पीक नासू न देण्याची कला आहे.

मात्र या बेगमीच्या जोडीला सुगीचा सण आहे, आणि त्यामुळे तिचे स्वरूप बदलते. गोव्यात राय येथे 5 ऑगस्टला आणि ताळगाव येथे 21 ऑगस्टला कणसांचे फेस्त होते. भाताची नवी कणसे धर्मगुरू आशीर्वादित करतात आणि ती घरोघरी नेली जातात. मंगळूरच्या कोकणी कॅथॉलिक कुटुंबांत 8 सप्टेंबरला, मरियामातेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, आशीर्वादित कणसातील नवे दाणे घरच्या जेवणात मिसळून सगळे एकत्र बसून ते खातात. ईस्ट इंडियनांचा ‘आगेरा’ ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी असतो. महाराष्ट्रातील नवान्न पौर्णिमेशी या सणांचे नाते सहज ओळखू येते : देवाला अर्पण केल्यावाचून नवे धान्य तोंडात घालायचे नाही, हा नियम धर्म बदलला तरी जमिनीने टिकवून ठेवला. मुंबईच्या अनेक गावठाणांत आज शेताचा एक तुकडाही शिल्लक नाही, तरीही आगेरा होतो, आणि तो व्हायलाच हवा. कारण शेत पाहिले नाही अशा मुलांना अन्न दुकानातून नव्हे तर मातीतून आणि कोणाच्या तरी कष्टांतून येते, हे कळण्याची दुसरी संधी शहरात फारशी मिळत नाही.

वर्षातून एकदा येणाऱ्या सणापेक्षा रोजच्या जेवणाआधीची लहानशी प्रार्थना अधिक परिणामकारक ठरते. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात, म्हणजे पोपच्या अधिकृत पत्रात, ही प्रार्थना पुन्हा सुरू करण्याचे सर्व श्रद्धावंतांना आवाहन केले आहे. या प्रार्थनेत देवाविषयीच्या कृतज्ञतेबरोबरच ज्यांच्या श्रमांतून अन्न मिळाले त्यांचे आभार आणि ज्यांना ते मिळत नाही त्यांचे स्मरणही असते, असे ते सांगतात. त्याच पत्रात जेवढे संपेल तेवढेच शिजवणे, पाणी जपून वापरणे, नको असलेले दिवे मालवणे अशा अगदी घरगुती सवयींचा उल्लेख आहे. मराठी घरांत ताटात अन्न टाकू नये हे मुलांना धर्मभेदाशिवाय शिकवले जाते, त्यामुळे पोपचे हे पत्र इथल्या वाचकाला ओळखीचे वाटावे.

काटकसरीची खरी परीक्षा प्रायश्चित्तकाळात होते. ईस्टरपूर्वीचा हा चाळीस दिवसांचा काळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. कॅथॉलिक चर्चच्या 1983 च्या धर्मविधिसंहितेनुसार 18 वर्षे पूर्ण झालेल्यांना 59 वर्षे पूर्ण होईपर्यंत राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी उपवास बंधनकारक आहे. त्या दिवशी एकच पूर्ण जेवण घ्यायचे असते. नियम सौम्य आहे, पण त्याला दानाची जोड आहे. उपवासाने वाचलेले अन्न किंवा पैसा गरिबाकडे गेला नाही, तर उपवास अपुरा राहतो, ही शिकवण चर्चच्या आरंभीच्या शतकांपासून चालत आली आहे. म्हणून घरात एखादा डबा ठेवून त्यात वाचलेले पैसे टाकणे आणि ते ईस्टरपूर्वी गरजूंना देणे ही साधी रीत मुलांना अर्थशास्त्र आणि धर्म एकदमच शिकवते.

काटकसरीचा उपदेश गरिबाला करणे मात्र अन्यायाचे आहे. पोप लिओ तेरावे यांनी 1891 च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात हे स्पष्ट केले : कामगाराला स्वतःचे आणि कुटुंबाचे नीट पोषण होईल एवढे वेतन मिळाले, तरच तो खर्च आवरून थोडी शिल्लक टाकू शकेल. बचत ही सद्गुणी माणसाची एकट्याची कामगिरी नसून न्याय्य मजुरी आणि सुरक्षित ठेव यांवर ती उभी असते. वसईजवळच्या पापडी येथे धर्मगुरू मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी 1918 मध्ये कॅथॉलिक पतसंस्था स्थापन केली, ती याच जाणिवेच्या जवळची म्हणावी लागेल. आजची बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक तिच्यातूनच वाढली. प्रवचनातून काटकसर सांगणाऱ्या धर्मगुरूने ती ठेवायला जागाही उभी करून द्यावी, हे उदाहरण प्रवचनाइतकेच मोलाचे आहे.

आजच्या मध्यमवर्गीय कॅथॉलिक घरात या शिकवणीचा कस दोन ठिकाणी लागतो. पहिले ठिकाण लग्नाचे : अनेक दिवस चालणाऱ्या जेवणावळी आणि कर्ज काढून केलेला थाट यांना आनंद म्हणता येईल, आभार म्हणता येणार नाही. दुसरे ठिकाण कमी बोलले जाते. घरखर्च आवरायची वेळ आली की घरकाम करणाऱ्या बाईची पगारवाढ लांबवली जाते, आजारपणातल्या खाड्यांचे पैसे कापले जातात, आणि या वागण्यालाही काटकसर हेच नाव दिले जाते. चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात मजुराला त्याच्या हक्काच्या मजुरीपासून वंचित ठेवणे हे देवाकडे दाद मागणाऱ्या पापांमध्ये गणले आहे. घरात काटकसर करू पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ती स्वतःच्या ताटापासून, कपाटापासून आणि समारंभापासून सुरू करावी, आणि दुसऱ्याच्या मजुरीला तिचा हात लागू देऊ नये.