सावलीची झाडं – लेखांक ७ : काप कुठे घ्यायचा?

राहुरी तालुक्यात छाटणी म्हणजे काय हे कुणाला शिकवायला नको. बहार धरायचा ठरला, मृग असो, हस्त असो की आंबे, डाळिंबाच्या बागेत छाटणीची टोळी हजर होते. सिकेटरला धार असते. बादलीत सोडियम हायपोक्लोराइटचं अडीच टक्क्यांचं द्रावण असतं आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं त्यात बुडवलं जातं, कारण तेल्या रोग पात्यावरूनही पसरतो. जाड काप घेतला की त्यावर बोर्डो पेस्ट. ‘भगवा’ वाण याच राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून शेतकऱ्यांपर्यंत गेला आणि त्याच्यामागोमाग ही शिस्तही गेली.

त्याच बागेच्या बांधावर जुना कडुनिंब उभा असतो. त्याची फांदी गोठ्याच्या पत्र्यावर टेकली की काम वेगळ्याच पद्धतीने होतं. कुणीतरी कोयता नाहीतर कटर मशीन घेऊन चढतो, हात पोहोचेल तिथे तोडतो आणि उतरतो. धार, निर्जंतुकीकरण, कापाची जागा यातलं काहीही कुणी विचारत नाही. डाळिंबाचं झाड बिघडलं तर हंगामाचा हिशेब बिघडतो. कडुनिंबाचा हिशेब कुणी ठेवत नाही, कारण त्याचं नुकसान दिसायला दहा-पंधरा वर्षं लागतात. मागच्या लेखांकात आपण मुळं पाहिली. आज झाडावर चढून काम करणाऱ्या माणसाकडे आणि त्याच्या हत्यारांकडे पाहू. बागेतली शिस्त सावलीच्या झाडावर चढली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

मांडीएवढ्या जाडीची फांदी घेऊ. जाणकार माणूस ती एका कापात कधीच पाडत नाही. बुंध्यापासून हातभर पुढे तो आधी खालून काप घेतो, जाडीच्या पाव भागापर्यंत, फार तर एक तृतीयांश. मग त्याच्या किंचित पुढे वरून करवत चालवतो. खालचा काप आधीच असल्यामुळे फांदी तिथे सुटते. तो नसता तर अर्धवट कापलेली फांदी वजनाने लोंबली असती आणि खोडाची साल दोन-तीन फूट सोलून घेऊन गेली असती. गावोगावच्या लिंबांवर अशा उभ्या, काळ्या पडलेल्या जखमा दिसतात, त्या बहुतेक अशाच झालेल्या असतात. उरलेला खुंट तिसऱ्या कापात काढायचा आणि सगळं कसब इथे आहे. फांदी खोडाला मिळते तिथे बुडाशी एक फुगीर वळी असते, साल तिथे सुरकुतलेली दिसते. काप त्या वळीच्या बाहेर, पण तिला लागून घ्यायचा. वळी कापायची नाही आणि पुढे खुंटही ठेवायचा नाही.

याचं कारण अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक ॲलेक्स शायगो यांनी दाखवून दिलं. चेनसॉ घेऊन त्यांनी हजारो झाडं उभी चिरली आणि जुन्या जखमांचं आत काय झालं ते पाहिलं. माणसाच्या कातडीसारखी झाडाची जखम भरून येत नाही. झाड कुजणाऱ्या भागाभोवती आतून भिंती घालतं, तो भाग वेगळा काढतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवतं. फांदीच्या जागी ही भिंत त्या वळीच्या पेशी घालतात. खोडाला लागून गुळगुळीत काप घेणाऱ्याला काम नीटनेटकं वाटतं, पण त्याने नेमकी वळीच छाटलेली असते. खुंट ठेवला तर तो मरतो, त्यात पाणी मुरतं, बुरशी शिरते आणि काही वर्षांनी तिथे ढोली होते.

मग बोर्डो पेस्टचं काय? एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मिश्रणात लोखंडी खिळा बुडवायचा आणि त्यावर तांब्याचा रंग चढला तर चुना कमी पडला समजायचं. बागेत ठरावीक बुरश्यांविरुद्ध ही पेस्ट उपयोगी आहे. पण मोठ्या झाडावर चुकलेला काप पेस्टने सुधारत नाही. शायगोंच्या कामानंतर जखमेला रंग किंवा डांबर फासणं बऱ्याच देशांत मागे पडलं. आपल्याकडे मात्र पेस्ट लावली की काम शास्त्रशुद्ध झालं असं मानलं जातं. मी असं मानत नाही. आधी काप बघावा.

आता हत्यारं. बारीक फांदीला सिकेटर, मनगटाएवढीला वाकड्या पात्याची ओढकरवत. ती ओढताना कापते, त्यामुळे झाडावर बसलेल्या माणसाचा तोल जात नाही. कोयता सावलीच्या झाडावर नकोच, तो लाकूड फोडतो आणि साल चिंधाळतो. पेट्रोलवरचं चेनसॉ काम झटपट करतं आणि जीवही झटपट घेतं. पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला तर मशीन उसळून तोंडाकडे येतं. म्हणून ते नेहमी दोन्ही हातांनी धरायचं, खांद्याच्या वर न्यायचं नाही आणि मशीन चालू असताना अंगाला दोन स्वतंत्र बांधण्या हव्यात, कारण करवतीने एक दोर कापला गेला तर दुसऱ्याने माणूस अडकून राहतो. परदेशात या कामासाठी खास पँट मिळते. तिच्यातले लांब धागे साखळीत गुंतून मशीन जागीच बंद पडतं. आपल्याकडे लुंगी आणि स्लिपर घालून हेच काम होताना मी पाहिलं आहे.

चढण्यासाठी कमरेचा आणि मांड्यांचा पट्टा, हेल्मेट, बारा-तेरा मिलिमीटरचा दोर, आणि दोरावर सरकणारी पण भार आला की आवळणारी गाठ. या जातीची एक गाठ ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती १९३१ साली गिर्यारोहकांसाठी मांडली. पायाला बांधायचे लोखंडी काटे फक्त तोडायच्याच झाडावर वापरायचे, जगवायच्या झाडाला ते प्रत्येक पावलागणिक भोक पाडतात. गोठ्यावरची फांदी खाली सोडायला दुसरा दोर लागतो. तो वरच्या बेचक्यातून घेतात, खालचा माणूस बुंध्याला दोन वेढे देऊन धरतो आणि फांदी सावकाश सोडतो. वरच्याचा जीव खालच्याच्या हातात असतो, म्हणून तो मोबाईलवर बोलणारा नसावा.

चढण्याआधी अर्धा तास नुसतं बघण्यात जातो. वड-पिंपळावर आग्या मोहोळ आहे का, ढोलीत घुबडाची किंवा पोपटाची पिल्लं आहेत का, बुंध्याशी भूछत्रं उगवली आहेत का, वरून अकरा केव्हीची लाईन जाते का. लाईन जात असेल तर महावितरणच्या लाइनमनने परमिट घेऊन ती बंद केल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही. ‘लाईट गेलीय, उरकून घे’ हे वाक्य जीव घेणारं आहे. गेलेली लाईट कधीही येते. शेजारच्या वस्तीवरचा जनरेटर चुकीचा जोडलेला असेल तर बंद लाईनमध्येही वीज असते. मग लाकडी हातोड्याने बुंधा वाजवायचा. पोकळ भागाचा आवाज वेगळा येतो. पोकळ झाड म्हणजे पडणारं झाड असं नाही. उभ्या राहिलेल्या निरोगी भिंतीची जाडी त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश असेल तर झाड सहसा तग धरतं, असा जर्मनीच्या क्लाउस मॅथेक यांचा ठोकताळा आहे.

एवढं सगळं माहीत असूनही काम बिघडतं ते पैशांमुळे. खेड्यात झाड छाटून घेण्याची रोख मजुरी देणारे थोडे. ‘लाकूड तू ने, मला फांद्या काढून दे,’ असा सौदा ठरतो. बारीक काटक्यांना वखारीत भाव नाही, भाव आहे जाड लाकडाला. त्यामुळे पत्र्यावर टेकलेली एक फांदी काढायला आलेला माणूस तीन मोठ्या फांद्या आणि शेंडा घेऊन जातो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याची मजुरीच त्या लाकडात आहे. शेंडा उडवलेला लिंब पुढच्या पावसाळ्यात जोमाने फुटतो आणि मालक म्हणतो, झाड कसं भरलंय बघा. पण हे फुटवे कापाच्या कडेला वरवर चिकटलेले असतात, आतून गुंतलेले नसतात. पाच-सहा वर्षांनी ते जाड होतात आणि वळवाच्या वाऱ्यात नेमके गोठ्यावर येतात. ज्या भीतीपोटी झाड तोडलं, ती भीती त्या तोडीने वाढवली. रोख मजुरी द्या, लाकूड स्वतः ठेवा. या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

झाड वाचवणं हे कुऱ्हाड थांबवली की संपत नाही. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा, चारशे वर्षांचा सांगितला जाणारा वड २०२० साली महामार्गाच्या आड आला. लोक उभे राहिले, रस्त्याचा आराखडा बदलला, वड वाचला. २०२२ साली तो कोसळला. उलट कोलकात्याजवळच्या वनस्पती उद्यानातल्या वडाला १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांनी जखमी केलं, खोडात बुरशी शिरली आणि १९२५ साली मूळ खोडच काढावं लागलं, तरी पारंब्यांवर तो आजही पसरतोच आहे. पारंब्या जमिनीपर्यंत पोहोचाव्यात म्हणून बांबूतून, नळीतून वाट करून देणं हेही झाडाच्या शल्यचिकित्सेचंच काम आहे. आपल्याच जिल्ह्यात संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीचा वड एकरांत मोजावा लागतो. तो पाहायला जाणाऱ्यांनी पारंब्यांना झोके घेऊ नयेत. कोवळी पारंबी मातीला टेकण्याआधी तुटली तर पुढच्या फांदीचा खांब गेला.

राहुरी नगरपरिषदेच्या हद्दीत झाड असेल तर १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. त्यात झाडाला इजा करणंही तोडण्यातच धरलं आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. म्हणून आधी नगरपरिषदेकडे अर्ज, मग माणूस ठरवायचा. ठरवताना त्याला दोन गोष्टी विचारा : पहिला काप वरून घेणार की खालून, आणि चढताना पायाला काटे लावणार का? ‘खालून’ आणि ‘नाही’ अशी उत्तरं आली तर मजुरीत घासाघीस करू नका.

(पुढच्या आठवड्यात : खोडातला भिरूड आणि वाळवी)