सेन्सर बदलण्याआधी एवढं बघा

अकोल्याच्या जुने शहर भागातल्या बोळांतून गाडी काढायची म्हणजे पहिला-दुसरा, पहिला-दुसरा. माझी पंधरा वर्षांची डिझेल गाडी दुसरा टाकताना अडायची, त्यात स्पीडोमीटरचा काटा मध्येच शून्यावर. स्कॅनर लावला. कोड पी०५००, म्हणजे स्पीड सेन्सर. पण भाऊ, कोड म्हणजे सेन्सर मेला असं नाही. त्या वाटेवर कुठंतरी बिघाड आहे, एवढंच.

सेन्सर काढला तर टोकाला काळ्या मलमासारखा लोखंडी कीस. टोकात चुंबक असतं, गिअरबॉक्समधली झीज तिथंच चिकटते. कनेक्टर उघडला, तर एक पिन हिरवीगार. उन्हाळ्यात आपल्या अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो, कनेक्टरचं रबर कडक होऊन तडकतं आणि पावसात पाणी आत शिरतं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पिन पुसली, काटा जागेवर आला.

गिअरसाठी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. बंद असताना अलगद पडतात नि चालू असताना सगळेच अडतात, तर बहुधा क्लच पूर्ण सुटत नाही. बंद असतानाही जड, तर केबल-लिंकेज. एकाच गिअरला खरखर, तर संशय सिंक्रो रिंगवर.

माझा एकटा दुसराच अडायचा, तोही सकाळी जास्त. म्हणून आधी गिअरबॉक्सचं ऑइल काढलं, ते काळंकुट्ट आणि कमी. मॅन्युअलमध्ये जीएल-४ ग्रेडचं ऑइल सांगितलं असेल तर जीएल-५ घालू नका. त्यातली काही ऑइलं पितळी सिंक्रोला मानवत नाहीत. नवं ऑइल भरून आठवडा झाला. राजराजेश्वर मंदिराकडच्या गर्दीतही दुसरा आता दोन बोटांनी पडतो.