हवापालटाने नेमकं काय होतं?

निपाणीहून एका वाचकांनी विचारलं आहे: घरात कर्करोगाचा पेशंट आहे, उपचार चालू आहेत. सगळ्यांनी मिळून आठ दिवस आंबोलीला जाऊन राहिलो तर दुखणं काही हटेल का, की ते नुसतं मनाचं समाधान?

थोडक्यात उत्तर असं. डोंगरावरच्या हवेने गाठ लहान होणार नाही. झोप, भूक आणि जिवाची घालमेल यांत मात्र फरक पडू शकतो. डॉक्टरांची हरकत नसेल तर जरूर जा, फक्त औषधाची पाळी चुकवू नका.

हा प्रश्न सीमाभागातून आला याचं मला नवल वाटलं नाही. आजारी माणसाला मोकळ्या हवेत ठेवण्याची डॉक्टरांची धडपड या भागाने फार जवळून पाहिली आहे. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारलं. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. त्या रुग्णांसाठी पुढे मिरज आणि सांगलीच्या मधल्या माळावर आरोग्यधाम झालं, आणि त्या जागेचं नावच वॉन्लेसवाडी पडलं. मिरजेहून बेळगावकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, घटप्रभेला, १९२९ मध्ये कर्नाटक आरोग्यधाम सुरू झालं. डॉ. जी. आर. कोकटनूर यांच्याबरोबर त्यात डॉ. ना. सु. हर्डीकर होते. हर्डीकरांना लोक ओळखतात ते काँग्रेसच्या हिंदुस्तानी सेवादलाचे संस्थापक म्हणून, आणि १९२४ च्या बेळगाव काँग्रेस अधिवेशनामुळे. पण ते अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले डॉक्टर होते, आणि त्यांचं हे काम त्यांच्या राजकीय कीर्तीखाली झाकून गेलं आहे. शाळेच्या पुस्तकात त्यांची ही बाजूही यायला हवी.

या साऱ्या आरोग्यधामांमागे विज्ञान होतं की नुसती श्रद्धा? हे पडताळणारा एक सुरुवातीचा प्रयोग केला एडवर्ड ट्रुडो या अमेरिकन डॉक्टरने, आणि तो मला अतिशय आवडतो. ट्रुडोला स्वतःला क्षय झाला होता. मरायचंच तर आवडत्या रानात मरू, म्हणून तो न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरांत गेला आणि तिथे बरा होऊ लागला. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधल्यावर ट्रुडो त्या रानातच जंतू वाढवायला शिकला. मग त्याने पंधरा ससे घेतले. पाच सशांना जंतू टोचून अंधाऱ्या, दमट, कोंदट जागी ठेवलं. पाच सशांना जंतू न टोचता तशाच वाईट जागी अर्धपोटी ठेवलं. उरलेल्या पाचांना जंतू टोचले आणि एका छोट्या बेटावर मोकळं सोडलं.

पहिल्या गटातले चार ससे मेले. दुसऱ्या गटातले खंगले, पण एकालाही क्षय झाला नाही. बेटावरच्या पाचांपैकी चार धडधाकट राहिले. म्हणजे वाईट परिस्थितीतून क्षय आपोआप उपजत नाही, त्याला जंतू लागतो. पण शिरलेल्या जंतूशी शरीर कसं झुंजेल, हे बरंचसं परिस्थितीवर ठरतं. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग पुढच्या कित्येक आरोग्यधामांचा आधार ठरला.

पंधरा ससे म्हणजे फार लहान संख्या. आणि बेटावर सगळंच एकदम होतं: हवा, ऊन, हिंडण्याफिरण्याची मोकळीक आणि पोटभर चारा. यातलं नेमकं कशाने काम केलं? हे वेगवेगळं करून पाहायला पुढची सव्वाशेहून अधिक वर्षं लागली, आणि त्यातली दोन मोठी उत्तरं भारतातून आली.

पहिलं मद्रासहून. आयसोनियाझिडसारखी औषधं हाती आल्यावर १९५६ मध्ये तिथे क्षय संशोधन केंद्र निघालं. वॉलेस फॉक्स, सी. व्ही. रामकृष्णन, एस. वेलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. निम्मे आरोग्यधामात गेले. तिथे विश्रांती, शुश्रूषा, चांगलं अन्न आणि खेळती हवा होती. निम्मे गरीब वस्तीतल्या आपल्या दाटीवाटीच्या घरीच राहिले. औषधं दोघांनाही तीच. वर्षाअखेरीस निकाल जवळजवळ सारखे निघाले. घरच्यांना लागण होण्याचा धोकाही रुग्ण घरी राहिल्यामुळे वाढलेला दिसला नाही. कमावता माणूस वर्षभर दूर डोंगरावर पाठवण्याची गरज संपली, आणि जगभरची आरोग्यधामं एकेक करून बंद पडली किंवा साधी रुग्णालयं झाली. या प्रयोगाने गरिबांचे किती संसार वाचवले असतील! त्याचं मोठेपण आपण पुरेसं सांगत नाही.

मग चाऱ्याचं काय? त्याचं उत्तर २०२३ मध्ये आलं. मंगळुरूचे अनुराग आणि माधवी भार्गव या डॉक्टर दांपत्याच्या नेतृत्वाखाली झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना दरमहा धान्य-डाळींचा शिधा दिला गेला. दहा हजारांहून अधिक माणसं या अभ्यासात होती. ज्या कुटुंबांना शिधा मिळाला, त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. आरोग्यधामाच्या भटारखान्याला श्रेय मिळालं, पण ते घरच्या चुलीवर.

हवेचं उत्तर पेरूमधल्या लिमा शहरातून आलं. २००७ मध्ये तिथल्या रुग्णालयांतली हवा मोजली गेली. उंच छत आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांत, खिडक्या उघड्या असताना, तासाला सरासरी ४० वेळा हवा बदलत होती. नव्या खोल्यांत १७ वेळा, आणि यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्यांसाठीचं प्रमाण आहे १२. मोकळी हवा रुग्णाच्या फुप्फुसातला जंतू मारत नाही, पण शेजारच्या खाटेवरच्या माणसाला वाचवते.

उरलं रान आणि झाडं. संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ च्या अभ्यासात पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या, पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले, आणि त्यांना वेदनाशामकंही कमी तीव्रतेची पुरली. अभ्यास छोटा आहे, पण मोलाचा. याउलट, वनस्नानाने, म्हणजे झाडीत निवांत फिरण्याने, रोगप्रतिकारक पेशी वाढतात आणि कर्करोग पळतो, हा मोबाइलवर फिरणारा दावा मला संतापजनक वाटतो. या दाव्यासाठी ज्याचा हवाला देतात त्या गाजलेल्या जपानी अभ्यासात होते बारा निरोगी पुरुष, आणि मोजलं होतं ते रक्तातल्या पेशींचं काम. कुणाचाही कर्करोग त्यात बरा झालेला नाही. असल्या दाव्यापायी केमोथेरपी सोडून कुणी रानात गेलं, तर ते जिवावर बेतेल.

बरं होणं हाती नसतं तेव्हा काय, हाही प्रश्न आहेच. १९८६ मध्ये कर्करोगाचे शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसूझा यांनी मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू केलं. बरं न होणाऱ्या रुग्णांसाठीचं देशातलं हे पहिलं शुश्रूषागृह (हॉस्पिस), पुढे गोव्यातही त्याची शाखा झाली. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषधकंपनीचं असंच केंद्र १९९७ पासून विनामूल्य चालतं, आणि तिथे रुग्णासोबत घरचं माणूस राहतं. माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची सुधारणा आहे. जुन्या आरोग्यधामाने माणसाला घरापासून तोडलं. इथे घरच त्याच्याबरोबर येतं, आणि जखम कशी धुवायची, औषध कधी द्यायचं, हे त्या घरच्यांनाही शिकवलं जातं.

निपाणी-चिकोडीच्या कुटुंबांना मोठ्या आजारात कोल्हापूर, मिरज किंवा बेळगाव गाठावं लागतं, कधी थेट मुंबई. पेशंट आत खाटेवर, घरचे बाहेर व्हरांड्यात चादर अंथरून. या भागात कुणी डॉक्टर अशा कुटुंबांसाठी झाडीतलं घर बांधत असतील तर मी मनापासून स्वागत करीन. पण वेदना असह्य असेल तर समोरची हिरवीगार दरीसुद्धा दिसत नाही, आणि ती वेदना मॉर्फिनने थांबते. अमली पदार्थांच्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं आहे. म्हणून नव्या आरोग्यधामाची जागा ठरवताना डॉक्टरांनी आधी मॉर्फिनची परवानगी, रात्रपाळीची नर्स, घरच्यांसाठी स्वयंपाकाची खोली आणि जवळचा एसटी थांबा पाहावा. डोंगर त्यानंतर निवडावा.