नफा आला, शेत मागे राहिलं

1 मे 2025 पासून राज्यात एकच ग्रामीण बँक उरली. विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि आपली महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या. स्टेट बँक ऑफ हैदराबाद तर स्टेट बँकेत विलीन झाली आणि तिच्या पाट्या परभणीतून 2017 मध्येच उतरल्या. बँक मोठी झाली की खर्च घटतो आणि नफा वाढतो, असं सांगतात. पण इथल्या नफा-तोट्याची गोष्ट वेगळी आहे, आणि ती नव्वदच्या दशकात घडली.

1976 ला नांदेडहून आपल्या बँकेची पूर्वज, मराठवाडा ग्रामीण बँक सुरू झाली. पुढची दहा-बारा वर्षं शाखा उघडण्यात आणि एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातल्या म्हशी वाटण्यात गेली. कमी पगारात गावची माणसं घेऊन गरिबाला कर्ज द्यायचं, ही मूळ कल्पना. 1990 मध्ये लवादाचा निवाडा आला आणि ग्रामीण बँकांचे पगार प्रायोजक बँकेच्या बरोबरीला आले, तेही 1987 पासून. निवाडा न्यायाचाच होता. पण कर्ज फक्त दुर्बल घटकांना, व्याजदर रिझर्व्ह बँकेने बांधलेले, आणि त्याच वर्षी दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी. खर्च मोकळा आणि उत्पन्नाला वेसण, मग तोटा चुकणार कसा? बोट मात्र जिंतूर-पालमच्या थकबाकीदाराकडेच दाखवलं गेलं. त्या आरोपाचा राग मला आजही आहे. वेळेवर फेडणारे शेतकरीही त्यात बदनाम झाले.

पुढे इतरांनाही कर्ज द्यायची मुभा मिळाली, केंद्राने भांडवल ओतलं, 1996 ला व्याजदर सुटले. थकीत कर्जाचं न आलेलं व्याज उत्पन्नात धरायचं नाही, हा नियम 1995-96 पासून लागला. तो चांगलाच होता, खरा तोटा उघड्यावर आला. मग हळूहळू नफा दिसू लागला. तो आला सरकारी रोख्यांतून, सोनेतारणातून, मास्तरांच्या पगारावरच्या कर्जातून. गावाच्या स्वस्त ठेवी होत्याच. शेत मात्र तेच कोरडवाहू राहिलं.

त्या उलथापालथीत बांधावर येऊन पीक बघणारा बँकेचा साहेब हरवला. कापसाला बोंडं किती धरली हे बघून हप्ता पुढे ढकलायचा की नाही, हे तो ठरवत असे. कर्ज बुडणार की फिटणार, हे ताळेबंदाच्या आधी त्याला कळायचं. आता मार्चअखेर नवं-जुनं करून, म्हणजे जुनं कर्ज नव्यात फिरवून, खातं नियमित दाखवतात. जूनमध्ये बियाण्यासाठी कर्ज मागायला गेलेल्याला आधी सिबिल विचारतात, आणि नाही म्हटलं की तो सावकाराकडे किंवा दर आठवड्याला हप्ता वसूल करणाऱ्या कंपनीकडे जातो. तिचा व्याजदर बँकेच्या पीककर्जाच्या कितीतरी पट आहे.