अंगणातलं गॅरेज (भाग ४) : लिफ्ट शेवटी, उंची आधी

मागच्या आठवड्यात शेडचं तोंड कुठल्या दिशेला ठेवायचं, वारा कुठून घ्यायचा आणि उजेड कुठून, हे पाहिलं. आज लिफ्टकडे वळू. जुनी विलीज जीप किंवा पद्मिनी घरच्या घरी उभी करणाऱ्याला, गाडी जॅक-स्टँडवर टेकवून तिच्याखाली उताणं सरपटत, डोळ्यांत गंज झेलत काम करायचा कधी ना कधी वीट येतोच. मग तो दुकानदाराला विचारतो, ‘‘कुठली लिफ्ट चांगली?’’ प्रश्न योग्य आहे, पण त्याचा नंबर तिसरा. डोक्यावर किती जागा आहे हा पहिला प्रश्न आणि पायाखाली काय आहे हा दुसरा. लिफ्ट पसंत पडली नाही तर विकता येते. ओतलेला स्लॅब वर सरकवता येत नाही.

उंचीचं गणित

गणित तीन आकड्यांच्या बेरजेचं आहे. गाडीचा सगळ्यात खालचा भाग जमिनीपासून किती वर हवा, हा पहिला आकडा. काम करणाऱ्याची उंची १७० सेंमी असेल तर १७५ सेंमी धरा, म्हणजे मान न वाकवता खाली उभं राहता येईल. दुसरा आकडा गाडीच्या अंगाचा : तिच्या एकूण उंचीतून ग्राउंड क्लिअरन्स वजा करायचा. तिसरा, टप आणि छत यांच्यामधली सुटी जागा, किमान १५ सेंमी.

स्विफ्टसारखी हॅचबॅक साधारण १५३ सेंमी उंच असते आणि जमिनीपासून १६ सेंमी वर असते. म्हणजे अंग १३७ सेंमीचं. १७५ अधिक १३७ अधिक १५, बेरीज ३२७ सेंमी, पावणेअकरा फूट. थार साधारण १८५ सेंमी उंच, ग्राउंड क्लिअरन्स २२ सेंमीच्या आसपास. तिची बेरीज ३५३ सेंमी होते, म्हणजे ११ फूट ७ इंच. आपल्याकडे बंगल्याचा मजला सर्रास दहा फुटांचा धरतात. त्यातून स्लॅबची जाडी गेली की हाती उरतात साडेनऊ फूट, आणि बीमखाली त्याहूनही कमी. पूर्ण उंचीवर गाडी उचलून खाली उभं राहण्याचं स्वप्न घराखालच्या पार्किंगमध्ये इथेच संपतं.

म्हणून नवी शेड बांधत असाल तर आतली मोकळी उंची १३ फूट ठेवा. ‘मोकळी’ या शब्दावर आर्किटेक्टशी आणि फॅब्रिकेटरशी वाद घालायला हरकत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये उंची मोजायची ती पत्र्यापर्यंत नाही, कैचीच्या खालच्या पट्टीपर्यंत. दिवे, पंखे आणि रोलिंग शटरची गुंडाळी यांचाही हिशेब त्यातच. शटरची गुंडाळी दाराच्या आतल्या बाजूला घेतली तर दीड फूट उंची दारापाशीच जाते. ती बाहेरून बसवता येते का, ते आधीच विचारा. आणखी एक गोष्ट कागदावर हमखास सुटते : बॉनेट आणि मागचं दार. गाडी वर असताना बॉनेट उघडावं लागलं तर ते छताला लागतं.

उंची कमी असेल तर

साडेनऊ फुटांत काहीच होत नाही असं मात्र नाही. २९० सेंमी मोकळे मिळत असतील तर हॅचबॅकचं पोट जमिनीपासून १३८ सेंमीवर येतं आणि थारचं ११२ सेंमीवर. चाकाच्या स्टुलावर बसून ब्रेक, सस्पेन्शन, सायलेन्सर, ऑइल ही सगळी कामं या उंचीवर आरामात होतात. गिअरबॉक्स उतरवणं जरा अवघड जातं, इतकंच. अशा जागेला सिझर प्रकारची मिड-राइज लिफ्ट शोभते. ती गाडी साधारण चार फूट उचलते आणि खाली बसली की तिच्यावरून गाडी सरळ आत-बाहेर जाते. तिचा दोष एकच : कात्री गाडीच्या पोटाखालीच उघडते, त्यामुळे मधला भाग झाकला जातो.

गॅरेजांत दिसणारी टू-पोस्ट लिफ्ट दोन प्रकारांत येते. एकीत दोन्ही खांबांना जोडणारा बीम डोक्यावर असतो. ती स्वतःच साडेअकरा ते बारा फूट उंच असते. दुसरीत जोडणी जमिनीवरच्या लोखंडी पट्टीखालून जाते. तिची उंची नऊ-साडेनऊ फूट. कमी उंचीच्या जागेत ही दुसरी बसते, फक्त ती पट्टी पायात येते आणि गिअरबॉक्सचा जॅक तिच्यावरून ढकलावा लागतो. फोर-पोस्ट लिफ्टवर गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहते. एका गाडीच्या जागेत दोन ठेवायला ती उत्तम, पण चाकं मोकळी करायला तिच्यावर वेगळा जॅक लागतो. ब्रेक आणि सस्पेन्शन हेच मुख्य काम असेल तर टू-पोस्टला तोड नाही.

पायाखालची जमीन

टू-पोस्ट लिफ्टचा खांब भिंतीला ठोकलेल्या फळीच्या ब्रॅकेटसारखा वागतो. गाडीचं वजन आतल्या बाजूच्या हातांवर येतं, त्यामुळे खांब आत झुकू पाहतो आणि भिंतीकडच्या बाजूचे बोल्ट जमिनीतून उपटू पाहतात. म्हणजे काँक्रीटला वजन पेलायचं असतं, शिवाय ही ओढही सोसायची असते. बोल्ट साधारण पाऊण इंच जाडीचे असतात आणि काँक्रीटलाच धरून असतात. काँक्रीट पातळ किंवा कच्चं असलं तर ते काँक्रीटचा शंकू घेऊन वर येतात.

बहुतेक उत्पादक चार-सव्वाचार इंच जाडीचं, ठराविक ताकदीचं काँक्रीट किमान म्हणून मागतात. नव्याने ओतणार असाल तर या किमान आकड्यावर थांबू नका. लिफ्टच्या पूर्ण जागेत सहा इंच एम-२५, दोन्ही दिशांनी सळई, आणि प्रत्येक खांबाखाली चार फूट बाय चार फुटांचा फूटभर जाड ठोकळा, असा आराखडा आरसीसी कन्सल्टंटकडून तपासून घ्या. काँक्रीटचा सांधा खांबाच्या पायापासून फूटभर तरी लांब हवा. ओतल्यावर पाणी मारणं चुकवायचं नाही आणि २८ दिवसांआधी बोल्टसाठी ड्रिल लावायचं नाही. गवंडी ‘‘आठ दिवसांत लोखंड होतं’’ म्हणेल. त्याला चहा पाजा, ड्रिल देऊ नका.

देशावरच्या वाचकांनी काळ्या मातीला विसरू नये. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची जमीन सोबत हलवते. ती खणून काढून मुरूम भरणं, धुमसून घेणं, दगडी सोलिंग, त्यावर पीसीसी आणि मग आरसीसी, हा क्रम खर्चिक वाटला तरी तोच स्वस्त पडतो. कोकणात खाली जांभा असल्याने ती चिंता कमी, पण खारी हवा लिफ्टच्या तारेच्या दोरांवर आणि बोल्टवर गंज चढवते. तिथे ग्रीसचा डबा हाताशी हवा.

जुन्या पार्किंगमध्ये लिफ्ट बसवणाऱ्यांनी आधी घराचा नकाशा काढावा. आपल्याकडे जमिनीखालची पाण्याची टाकी आणि सेप्टिक टँक नेमके पार्किंगखालीच असतात. त्यांच्या झाकणस्लॅबवर लिफ्ट बसवणं म्हणजे संकटाला आमंत्रण. शहाबादी फरशी, टाइल्स, पेव्हर ब्लॉक किंवा नुसता कोबा यांवर खांब उभा करायचा नाही. पायाखालचा तेवढा भाग उखडून काँक्रीटपर्यंत जायचं. खाली बेसमेंट असलेल्या पार्किंगमध्ये टू-पोस्टचा विचारच सोडा.

आणि उतार! गाडी धुवायचं पाणी निघावं म्हणून पार्किंगला सर्रास उतार देतात. लिफ्टचे दोन्ही खांब ओळंब्यात हवेत, आणि पायाखाली पत्र्याच्या पट्ट्या घालून फक्त किरकोळ फरक काढता येतो. म्हणून लिफ्टचा पट्टा पातळीत ठेवा, उतार त्याच्या बाहेर द्या.

लांबी, रुंदी, वीज

टू-पोस्ट लिफ्ट बाहेरून साधारण साडेअकरा फूट रुंद असते. १६ फूट रुंद शेडमध्ये दोन्ही बाजूंना सव्वादोन फूट उरतात. हवेचा पाइप ओढत माणूस जाईल एवढेच. लांबी २४ फूट घ्या. साडेचौदा फूट लांबीच्या गाडीपुढे टेबल आणि इंजिन क्रेनसाठी साडेचार फूट सोडले की खांब पुढच्या भिंतीपासून दहा फुटांवर येतात आणि मागे शटरही बंद होतं. खांबांची जागा खडूने आखून, त्यात गाडी घालून, चारही दारं उघडून बघा. कागदावर बसलेली गाडी प्रत्यक्षात दार अडवते तेव्हा दोष कागदाचाच असतो.

लिफ्टची मोटार साधारण २ अश्वशक्तीची असते आणि सुरू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. तिला घरातून एक्स्टेंशन काढून देऊ नका. वेगळी वायर, वेगळा एमसीबी, पक्कं अर्थिंग हवं; शिवाय कॉम्प्रेसर आणि वेल्डिंग धरून महावितरणकडचा मंजूर भार पुरतो का, ते वायरमनकडून बघून घ्या. जमीन ओतण्याआधी वायर आणि हवेच्या लाइनसाठी पाइप टाकून ठेवा. वीज जाण्याचाही विचार हवा. गाडी लॉकवर टेकलेली असते तोवर धोका नाही, पण लॉक सोडवायला ती आधी थोडी वर घ्यावी लागते आणि त्याला मोटार लागते. संध्याकाळी गाडी घेऊन जायची असेल आणि वीज गेली, तर ती येईपर्यंत गाडी वरच.

खड्डा का नको

स्वस्तात काम व्हावं म्हणून काही जण जुन्या गॅरेजसारखा खड्डा खणतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, एलपीजीही जड. ती खड्ड्यात साचते आणि ठिणगीची वाट बघते. पावसाळ्यात पाणी भरतं ते वेगळंच. लिफ्टचा खर्च झेपत नसेल तर चांगले जॅक-स्टँड घ्या, खड्डा नको.

परदेशातल्या वाचकांसाठी

अमेरिकेतल्या मराठी वाचकांचा प्रश्न वेगळा आहे. तिथल्या घरांना गॅरेज असतंच, पण बऱ्याच घरांत त्याचं छत आठ-नऊ फुटांवर असतं आणि वर सरकणाऱ्या दाराचे रूळ नेमके गाडीच्या टपावरून जातात. रूळ वर उचलून घेता येतात आणि दाराची मोटार बाजूच्या भिंतीवर नेता येते. छताच्या लाकडी कैच्या मात्र इंजिनिअरच्या सल्ल्याशिवाय कापायच्या नाहीत. टेक्ससमध्ये राहणाऱ्यांनी विशेष जपावं : तिथल्या पुष्कळ घरांची जमीन पोस्ट-टेन्शन स्लॅबची असते, म्हणजे काँक्रीटच्या आत ताणलेल्या तारा असतात. त्यात आंधळेपणाने ड्रिल घातलं आणि तार तुटली, तर माणूस जखमी होतो आणि घराचा पायाही दुखावतो. लिफ्ट घेताना अमेरिकेत ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूटचं प्रमाणपत्र आणि युरोपात ईएन १४९३ हे मानक पाहून घ्या. भारतात विकत घेतानाही यांपैकी काही आहे का, हे विचारायला लाजू नका.

पुढच्या भागात गाडी उचलण्याची पद्धत पाहू : पॅड कुठे लावायचे, गंजलेल्या सिलखाली ते का लावायचे नाहीत, आणि लॉकवर टेकवल्याशिवाय गाडीखाली पाऊल का टाकायचं नाही. तोवर एकच काम करा. टेप घ्या, आपल्या सगळ्यात उंच गाडीचं गणित मांडा आणि ते शेडच्या नकाशावर ठळक आकड्यांत लिहून त्यावर आर्किटेक्टची सही घ्या. कंत्राटदार जमीन ओतायला येईल, त्याच्या आधी.